बाळंतपण कोण करणार?

८ फेब्रुवारी

आई,

आधीच्या कागदावर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, तू म्हणशील, काम पडलं की हिला बरोबर मायने आठवतात. म्हणून नव्या कागदावर नुसतं 'आई' लिहिलं आहे. ते कुठल्या सुरात वाचायचं ते तू ठरव.

तीन वर्षं आपण बोललेलो नाही. आधी कोण गप्प झालं, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पण तुला माझ्याकडून पत्र हवं आहे हे मला काल कळलं, आणि तेही हॉस्पिटलमध्ये, अनोळखी लोकांच्या देखत.

मला दिवस गेल्याचं ताईनं तुला सांगितलं आहे. त्यावर तू 'या वयात?' एवढंच म्हणालीस, हेही तिनं मला सांगितलं. ताई दोन्हीकडचं सगळं सांगते, तिचा स्वभावच तो. त्रेचाळिसाव्या वर्षी, मे महिन्याच्या मध्यावर. आता तुझ्याकडे माहिती पूर्ण आहे.

इथं बाळंतपणाआधी आईबापांना वॉर्ड दाखवायला नेतात, भाड्याचं घर दाखवतात तसं. आम्ही पाच जोडपी होतो. मी सगळ्यांत मोठी. लिफ्टची वाट बघताना शेजारच्या पोरीनं मला हसून विचारलं, "तुमची मुलगी कुठंय? मागे राहिली का?" मी कोटाची बटणं सोडली. ती इतकी लाल झाली की शेवटी मलाच तिची समजूत काढावी लागली.

'ते गृहस्थ' बरोबर होते. माझ्या नवऱ्याला तू लग्नापासून 'ते गृहस्थ' म्हणतेस. आता आमच्या घरातही तेच नाव चालतं. तुला वाटलं असेल त्यांना लागेल. पण ते मजेत आहेत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत असल्यामुळे त्यांनी आधी लिफ्टच्या दाराला कान लावला आणि मान हलवली. मी म्हटलं, "आपण बाळासाठी आलोय." ते म्हणाले, "बाळ याच लिफ्टनं खाली येणार ना!"

वॉर्डच्या मुख्य सिस्टर माझ्याच वयाच्या असतील. गळ्यात किल्ल्या, पायांत मऊ बूट, आणि आवाज असा की सगळे आपोआप रांगेत चालायला लागले. तुझी आठवण आली. त्यांनी कळा देण्याची खोली दाखवली. पलंगाचा अर्धा भाग खाली जातो. कोपऱ्यात बसायला मोठा रबरी चेंडू, छताला लोंबणारी जाड पट्टी, तिला धरून उभं राहायचं. बाळाला ठेवायची पेटी आणि तिच्यावर गरम दिवा. सगळ्या बाप्यांनी पलंगाची बटणं दाबून पाहिली. बायका दिव्याकडे बघत होत्या.

मग सिस्टर म्हणाल्या, आत एकच माणूस चालेल, आणि प्रत्येकीला विचारत गेल्या: तुमच्याजवळ कोण असणार? कुणी नवरा म्हणालं, कुणी बहीण. आमची पाळी आली. मी तोंड उघडायच्या आत गृहस्थ म्हणाले, "हिचं बाळंतपण हिची आई करणार आहे."

आई, हे वाक्य आपल्या भाषेत सरळ आहे. बाई बाळंत होते आणि तिचं बाळंतपण दुसरं कुणीतरी करतं. ताईची दोन्ही बाळंतपणं तू केलीस म्हणजे जागरणं केलीस, दुपटी धुतलीस, तिला वेळेवर गरम जेवायला घातलंस. गृहस्थांनी तेच वाक्य शब्दाला शब्द लावून इथल्या भाषेत नेलं. आणि इथल्या भाषेत त्याचा एकच अर्थ होतो: पलंगाच्या पायथ्याशी हातमोजे घालून तू उभी.

सिस्टरनी विचारलं, "त्या डॉक्टर आहेत?"

"नाही, मुख्याध्यापिका होत्या."

"म्हणजे सुईणीचं शिक्षण?"

"छे, गणित शिकवायच्या."

"माफ करा, पण मग त्यांना इथं बाळंतपण करता येणार नाही. परवाना लागतो."

गृहस्थांना ते लागलं. छाती काढून म्हणाले, "अहो, त्यांनी आधी दोन केली आहेत!"

"घरी?"

"नाही नाही, हॉस्पिटलात."

"कुठल्या हॉस्पिटलनं करू दिली?"

तोवर ती लाल झालेली पोरगी भिंतीला टेकून हसत होती. मीही हसले. मीच मग घोळ निस्तरला. सिस्टरनाही गंमत वाटली. म्हणाल्या, "किती छान शब्द आहे तुमच्याकडे. कधी येणार आई?"

माझं हसू तिथं थांबलं, कारण मला माहीत नव्हतं. मी बाजूला नेऊन विचारलं, "आई येणार आहे हे मला का माहीत नाही?"

"अगं, जवळजवळ येणारच आहेत. बोललो मी. फक्त एक पत्र..."

"कसलं पत्र?"

"त्या म्हणाल्या, तिनं लिहून द्यावं, मग बघू."

"काय लिहून द्यावं?"

गृहस्थ लिफ्टकडे बघायला लागले. "मजल्याच्या किंचित वर थांबतेय बघ ही."

त्यांनी पुढं सांगायची गरज नव्हती. 'लिहून दे' म्हणजे काय हे तुझ्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही मुलाला कळतं. कारण लिहायचं नाही, विशेषणं लावायची नाहीत. काय केलं ते एका ओळीत, मग 'माझं चुकलं', आणि खाली पालकांची सही. मी सातवीत असताना माझ्या माफीपत्रावर पालक म्हणून तू सही केलीस आणि मुख्याध्यापिका म्हणूनही तूच. घरी येईपर्यंत तू माझ्याशी मुख्याध्यापिका म्हणून बोललीस, आणि घरी आल्यावरही.

म्हणजे तुला ते दोन शब्द हवे आहेत. बाबांच्या आजारपणात मी आले नाही, ते गेल्यावरही आले नाही, त्याबद्दल. आणि ते मिळाले तर तू येशील.

मी इथं काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली माहितीपत्रकं असतात ना, ती छापायच्या आधी मी तपासते. प्रत्येक वाक्य पुराव्याशी ताडून बघायचं. पुरावा नसेल तर वाक्य काढायचं. आज सकाळपासून मी तुझे दोन शब्द ताडून बघते आहे. पुरावा सापडत नाही. म्हणून या पत्रात ते नाहीत.

तरीही तू यावंस असं मला वाटतं का? हो. हे मात्र ताडून पाहिलं आहे.

तुझी,
धाकटी


२ मार्च

आई,

पत्र पोचल्याचं ताईकडून कळलं. वाचून झाल्यावर तू चष्मा काढलास आणि म्हणालीस, "निबंध चांगला आहे. उत्तर कुठं आहे?"

मला हसू आलं. खरंच आलं. मग दिवसभर चीड आली.

पण निबंधाबद्दल तुझं बरोबर आहे. मी तुला हसवायला बघत होते आणि त्यासाठी मधली एक गोष्ट गाळली. ती गाळली नसती तर निबंध चांगला झाला नसता.

वॉर्डात शिरताना सिस्टरनी सगळ्यांना विचारलं होतं, "पहिलंच ना?" आमच्यापाशी आल्यावर गृहस्थ म्हणाले, "हो." त्याच क्षणी मी म्हणाले, "नाही." दोघांचे शब्द एकमेकांवर पडले. सिस्टरनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पुढच्या जोडप्याकडे वळल्या.

वजनकाट्याची खोली झाल्यावर वळणावर एक दार आहे. बाकी सगळ्या दारांना काच आहे, त्याला नाही. काचेच्या जागी एका पानाचं छोटं चित्र आहे. एका होऊ घातलेल्या बापानं विचारलं, "इथं काय असतं?" सिस्टर म्हणाल्या, "सामान," आणि चालत राहिल्या. पण चालता चालता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला माहीत आहे. त्यांना मी दोष देत नाही. चार आनंदी जोडप्यांना दुसरं काय सांगणार?

आत सामान नाही. एक पलंग आहे, एक सोफा आहे, आणि खिडकी मागच्या बाजूला उघडते, जिथं गाड्या लावतात. त्या खोलीत बाळांचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून दार जाड केलं आहे, पण येतं. मी तिथं होते, आई. बाबा गेले त्याच आठवड्यात.

घरी परतताना बसमध्ये मी गृहस्थांना विचारलं, "तू 'हो' का म्हणालास?"

"चार लोकांत कशाला तो विषय?"

"चार लोकांत नाही. घरीही नाही. मग कुठं?"

ते बाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं तुलाच नको असेल." त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांना वाटलं ते खरंच वाटलं होतं.

आता तुला सगळं एकदा सलग सांगते, कारण ताईनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं असणार. बाबांना ॲडमिट केलं तेव्हा मला पाचवा होता. रक्त जायला लागलं होतं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचंही नाही असं बजावलं होतं, विमानाचं नावच काढू नका म्हणाले होते. मी ते फक्त ताईला सांगितलं. तुझ्यासमोर बाबा होते. त्यात आणखी माझी काळजी नको, असं आम्हा दोघींना वाटलं. तू माझ्याबद्दल विचारलंस तेव्हा ताई म्हणाली, "कामात अडकली आहे." दुसरं काय सांगणार होती? ते तुझ्या मनात पक्कं झालं, आणि बाबा गेल्यावर जमलेल्या सगळ्यांना तू सांगितलंस, "तिला सवड नव्हती."

इथवर मी तुला काहीच म्हणत नाही. तुला जे सांगितलं होतं तेच तू बोललीस.

पण नंतर ताईनं तुला खरं सांगितलं. स्वयंपाकघरात, तू चहा गाळत असताना. आणि तू म्हणालीस, "आता सांगतेय? शाळेतली मुलंही सांगायची, आजी वारली म्हणून. एकेकाच्या पाच-पाच आज्या वारायच्या."

हे वाक्य ताईनं मला सांगायला नको होतं. पण सांगितलं. आणि ताईनं वाक्य बदललं असेल असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. पण आई, ते वाक्य ताईला सुचणारं नाही. ते तुझंच आहे. त्यात तुझा विनोद आहे.

ती मुलगी होती. तळहाताएवढी. तुझ्या लेखी ती एक सबब झाली, आणि तीही जुनी, मुलांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेली.

तर आता तूच सांग. या सगळ्यात माझं काय चुकलं ते एका ओळीत लिही, तुझ्या शाळेच्या नियमाप्रमाणे. ते मला पटलं तर मी त्याखाली सही करीन. मोघम माफी मला लिहिता येत नाही.

तुझी,
धाकटी


२३ मार्च

तीर्थरूप आईस,

बाबा आजारी असताना मी आले नाही. ते गेल्यावरही आले नाही.

माझं चुकलं.

बाळंतपणाला ये.

तुझी,
धाकटी

(पालकांच्या सहीसाठी खाली जागा सोडली आहे.)


१९ एप्रिल

आई,

ताईचा फोन आला. आधी तिनं माझ्या तब्येतीचं विचारलं, मग हवेचं, मग गृहस्थांच्या लिफ्टांचं. ताई हवेवर आली की मी खुर्चीत बसते.

"आईनं तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं," ती म्हणाली.

"बरं."

"मग काकांना. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना."

"त्या बाईंचा काय संबंध?"

"त्या दळण द्यायला आल्या होत्या."

"मग?"

"म्हणाली, 'बघा, शेवटी दिलं की नाही लिहून? मी म्हणत होते ना?'"

मी विचारलं, "येतेय ना पण?" ताईनं तुझं बोलणं तुझ्याच आवाजात सांगितलं: "आता एवढ्या लांब जाऊन मी काय करणार? तिकडे सगळं हॉस्पिटलच तर करतं. शिवाय माझी पाठ." आणि मग स्वतःच्या आवाजात, "अगं, तिची पाठ खरंच दुखते गं."

"कधीपासून?"

"पत्र आल्यापासून," ताई म्हणाली, आणि हसली, आणि मग रडायला लागली. मी तिला गप्प केलं. हल्ली मी सगळ्यांना गप्प करते. ती पोरगी, ताई, गृहस्थ.

ते पत्र मी का लिहिलं ते तुला सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल मला पटलं. मार्चमध्ये एकदा पुन्हा रक्त गेलं. थोडंसंच. पण डॉक्टरांनी पुन्हा पडून राहायला सांगितलं. घरातला तोच पलंग, तेच छत, छतावर ओलीचा तोच डाग. मी त्या डागाकडे बघत होते आणि मला कळत होतं की आता माझ्या हातात काही नाही. मी गृहस्थांकडे कागद मागितला. पोटावर वही ठेवता येईना म्हणून कुशीवर वळून लिहिलं. त्यांनी वाचलं.

"हे खरं आहे?"

"नाही."

"मग?"

"मला आई हवीय," मी म्हणाले.

त्रेचाळीस वर्षांच्या बाईनं हे असं बोलणं मला अजूनही विचित्र वाटतं. पण मी तसंच बोलले, म्हणून तसंच लिहिते. गृहस्थांनी पाकीट चिकटवलं आणि तसेच चपलांवर टाकायला गेले.

म्हणजे ती लाच होती. खोटं देऊन तुला आणायला बघितलं. तुला ते खोटं आहे हे कळलं असेल का? माझा अंदाज, कळलं. तू हजारो माफीपत्रं वाचली आहेस. कुठलं पोर मनापासून लिहितंय आणि कुठलं घंटा व्हायच्या आत सुटायला बघतंय, हे तुला अक्षरावरून कळायचं. आणि दोन्ही तू सारख्याच समाधानानं कपाटात ठेवायचीस. मनापासूनचं तुला कधी नकोच होतं. तुला लिहिलेलं हवं होतं.

हे लिहिलं आणि थांबले. माझा राग वाक्यं छान लिहितो, म्हणून मला त्याच्यावर विश्वास नाही. तुझ्या बाजूचंही मला ठाऊक आहे तेवढं लिहायला हवं. ते मला ताईनं त्याच फोनवर सांगितलं, पहिल्यांदाच.

शेवटच्या दिवसांत बाबा खोलीचं दार वाजलं की विचारायचे, "आली का?" दार नर्स वाजवायची, डबेवाला वाजवायचा, काका वाजवायचे. प्रत्येक वेळी ते विचारायचे. आणि तू प्रत्येक वेळी सांगायचीस, "वाटेत आहे."

आई, आयुष्यभर एकही सबब चालवून न घेणारी तू, बाबांना रोज माझ्या वतीनं सबब देत होतीस. माझ्यासाठी तू खोटं बोललीस, आणि मी ते खरं करून दाखवलं नाही. हे तुला किती लागलं असेल याची मला कल्पना आहे. मला बाबांचं वाईट वाटतं. तुझंही वाटतं, या क्षणीसुद्धा. पण वाईट वाटणं वेगळं आणि चुकणं वेगळं. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. तू त्या खोलीत एकटी होतीस आणि मी या खोलीत. दोघींपैकी कुणीच दुसरीकडे जाऊ शकत नव्हती. फरक इतकाच, मी तुला कधी 'लिहून दे' म्हटलं नाही.

काल तपासणीला गेले होते. जिन्यापाशी त्या मुख्य सिस्टर भेटल्या. लांबूनच हसल्या. "काय, आल्या का परवाना नसलेल्या आजी?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. सरळ शब्द, खरा, पुराव्यासह. माझ्या तोंडून निघालं, "वाटेत आहे."

तुझी,
धाकटी


२८ मे

आई,

मी घरी आहे. खिडकीत कपडे वाळत आहेत. बाळ माझ्या डाव्या बाजूला झोपलं आहे आणि मी उजव्या हातानं लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं येईल. लाल शाई काढू नकोस.

आत माझ्याजवळ माझा नवरा होता. 'गृहस्थ' आता पुरे. ज्या माणसाची मान धरून मी ओरडले, ज्याच्या मनगटावर अजून माझ्या नखांचे वण आहेत, त्याला तू ठेवलेल्या नावानं हाक मारायची मला लाज वाटते. मधे एकदा तो इतका पांढरा पडला की सिस्टरनी त्यालाच खुर्ची दिली. म्हणाल्या, "पडू नका, आमच्याकडे पलंग एकच आहे." तुझी चौकशी त्यांनी केली नाही. मी 'वाटेत आहे' म्हणाले होते ते कसं म्हणाले होते, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

मी तुझ्या नावानं ओरडले का? ओरडले. सगळ्याच बायका ओरडत असतील, आपल्याकडे तर ठेच लागली तरी 'आई गं' म्हणतात. त्याचा काही अर्थ काढू नकोस. मीही काढलेला नाही.

मुख्य काम राहिलं. आमच्या कचेरीत पत्रकात चुकीचं वाक्य छापून गेलं तर नुसतं पुढच्या वेळी सुधारून भागत नाही. ज्यांच्या ज्यांच्या हातात ते गेलं त्या सगळ्यांना कळवावं लागतं, की अमुक वाक्य रद्द समजावं. तर तेवीस मार्चच्या पत्रातलं 'माझं चुकलं' हे वाक्य मी रद्द करते आहे. त्याच्या आधीची दोन वाक्यं खरी आहेत, ती राहू देत. हे मावशीला वाचून दाखव, काकांना दाखव, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई दळण घेऊन आल्या की त्यांनाही दाखव. मूळ पत्र फाडायची गरज नाही. मी लिहिलेलं खोटंही माझंच आहे.

तू हे वाचून म्हणशील, हिला माफी मागताही येत नाही आणि मागितलेली ठेवताही येत नाही. म्हण. माझ्या नवऱ्यानंही मला विचारलं, "आता हे कशाला? बाळ झालंय, सोडून दे." मी विचार केला. बाळाकडे बघत विचार केला. शेवटी वाटलं, या घरात एक माणूस नवीन आलं आहे. त्याच्या आधी जी येऊन गेली ती सबब नव्हती, एवढं तरी कागदावर नीट असू दे. तिच्या आईनं दोन शब्द लिहून तिला विकलं, असं राहू नये.

बाळंत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती तुझ्या घरी होती. तुझा आवाज मला ऐकू आला. तीन वर्षांनी. तू स्वयंपाकघरातून ताईला म्हणालीस, "विचार की, काय झालं?"

आपल्याकडे हे असंच विचारतात. मुलगा की मुलगी एवढंच त्यात असतं, बाकी काही नसतं, मला माहीत आहे. ताईनं तोच प्रश्न माझ्यापर्यंत पोचवला: "आई विचारतेय, काय झालं?"

मी सांगितलं नाही. ताईला म्हटलं, तुलाही आत्ता सांगत नाही, तुझ्या पोटात काही राहत नाही. ती रुसली. रुसू दे.

बाळ झालं आहे. जन्मल्याबरोबर रडलं, मोठ्यानं. भूक लागली की मुठी आवळतं. याहून जास्त मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तू वाचून दाखवशील.

नंबर तोच आहे. तू स्वतः फोन कर, ताईला मध्ये घालू नकोस. मी उचलीन, आणि चांगलं बोलेन. पण तू 'काय झालं' असं विचारलंस, तर मी त्या पहिलीपासून सांगायला लागेन. तू मध्ये बोलायचं नाहीस.

धाकटी